कळमन्याचा संत्रा भाव अलेक्साच्या तोंडून: आवाजी सहायकाला वेबसेवेशी जोडण्याची कृती

माझ्या मामांचा संत्र्याचा बगीचा काटोलजवळ आहे. आंबिया बहाराचा माल निघायला लागला की व्यापारी थेट बगीच्यात येतात, झाडं पाहतात आणि उभ्या उभ्या भाव बोलतात. कळमन्यात, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजारात, आदल्या दिवशी टन काय भावानं गेला हे त्या वेळी ठाऊक असलं तर मामांना घासाघीस करता येते. नसलं तर समोरचा म्हणेल तो आकडा. म्हणून हंगामात रोज संध्याकाळी मला नागपूरला फोन यायचा: "बाई, कळमन्यात काय भाव निघाला, पाहून सांग ना." मी कामात असले की तो फोन राहून जायचा, आणि तेवढ्यात तिकडे सौदा होऊन जायचा.

त्यावर उपाय म्हणून मी अलेक्साला, म्हणजे ॲमेझॉनच्या आवाजी सहायकाला, हा भाव सांगायला शिकवलं. मी प्रोग्रामर नाही, दिवसभर हिशेबाच्या शीटमध्ये काम करते. ज्यानं शीटमध्ये बेरजेचं सूत्र लिहिलंय आणि ज्याला दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली ओळ बदलायची भीती वाटत नाही, त्याला हे दोन रविवारांत जमतं. पैसे लागत नाहीत. एक गूगल खातं, एक ॲमेझॉन खातं आणि लॅपटॉप पुरे. अलेक्साचा स्पीकर नसला तरी चालतं, फोनवरचं अलेक्सा ॲप तेच काम करतं.

तुमच्याकडे संत्र्याऐवजी दुसरं काही असेल: सोसायटीच्या टँकरची वेळ, मेसचा आजचा मेन्यू, दुकानातला शिल्लक माल. जोडणी तीच राहते, फक्त शीटमधले रकाने बदलतात.

आवाज जातो कुठे

सुरुवात करण्याआधी हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढे काही अडलं की नेमकं कुठे अडलं हे शोधायला हेच कामी येतं.

तुम्ही "अलेक्सा" म्हटलंत की त्यापुढचं बोलणं इंटरनेटवरून ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातं. तिथे आवाजाचे शब्द होतात. शब्दांवरून तुम्हाला काय हवंय हे ओळखलं जातं. या 'काय हवंय'ला तिथे इंटेंट म्हणतात. मग ॲमेझॉन तुमच्या कोडला एक निरोप पाठवतं: अमुक इंटेंट आलाय, फळ संत्रा. तुमचा कोड बाहेरच्या वेबसेवेला विचारतो, तिथून आकडे येतात, कोड त्यांचं वाक्य बनवतो आणि परत पाठवतो. ते वाक्य अलेक्सा बोलते.

म्हणजे तुमचा कोड इथे अडत्या आहे. माल त्याचा नाही, गिऱ्हाईक त्याचं नाही. एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूला नीट सांगायचं एवढंच त्याचं काम. वेबसेवा आणि कोड यांच्यातली देवाणघेवाण जेसन नावाच्या मजकुरात होते: महिरपी कंसात नाव आणि किंमत, नाव आणि किंमत, अशा जोड्या.

या सगळ्या फेरीला वेळेची मर्यादा आहे. तुमच्या कोडकडून ८ सेकंदांत उत्तर आलं नाही तर अलेक्सा वाट पाहणं सोडून देते आणि काहीतरी गडबड झाली असं सांगते. ही ८ सेकंदं लक्षात ठेवा, यावरच पुढचे दोन-तीन निर्णय उभे आहेत.

अलेक्साच का, आणि हिंदीच का

गूगल असिस्टंटसाठी असंच संभाषण बनवायची सोय पूर्वी होती. गूगलनं ती १३ जून २०२३ रोजी बंद केली. नेटवर त्याचे धडे अजून पडून आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

अलेक्सावर स्किल, म्हणजे तिच्यासाठीचं छोटं ॲप, बनवताना भारतासाठी भारतीय इंग्रजी आणि हिंदी निवडता येतात. हिंदी २०१९ मध्ये आली. मराठी त्यात नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या माणसानं आयुष्यभर संत्रा पिकवला त्याला त्याचा भाव आपल्या बोलीत विचारता यायला हवा. पण आमच्याकडे हिंदी परकी नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, बाजारातली अर्धी बोली आजही हिंदी आहे, आणि मामी तर टीव्हीशी हिंदीतच बोलतात. म्हणून मी हिंदी घेतली. हिंदी आवाजाकडून मराठी वाक्यं वाचून घ्यायचा मोह टाळा. अक्षरं देवनागरीच असल्यानं तो वाचेल, पण उच्चार हिंदी वळणाचे होतात आणि ऐकणारा गोंधळतो.

ज्यांना मराठीच हवी त्यांच्यासाठी एक वाट आहे: क्रोम ब्राउझरमधली बोलणं ओळखण्याची सोय मराठी समजते. तिच्या आधारानं स्वतःचं छोटं वेबपान करता येतं. त्यालाही पुढची शीटची पायरी जशीच्या तशी लागते, त्यामुळे तिथपर्यंत वाचाच.

पहिली पायरी: शीट

नवी गूगल शीट उघडा. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं: तारीख, फळ, किमान, कमाल. खाली एक ओळ हातानं भरा. समजा १२ डिसेंबर, संत्रा, २५०००, ४००००. झालं.

थेट सरकारी सेवेपासून सुरुवात करू नका. मी केली होती, आणि चूक माझ्या कोडमध्ये आहे, जोडणीत आहे की पलीकडच्या सेवेत, हेच कळेना. हातानं भरलेली एक ओळ कधी बंद पडत नाही, कधी उशीर करत नाही. आधी तिच्यावर सगळं उभं करा.

भाव टनाचा लिहा. हे मी का म्हणतेय ते पुढे येईल.

दुसरी पायरी: शीटची वेबसेवा करणं

शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूत 'ॲप्स स्क्रिप्ट' आहे. ते उघडलं की कोड लिहायची पाटी येते. तिथे एकच फंक्शन लिहायचं, आणि त्याचं नाव 'डूगेट' असंच हवं: रोमन लिपीत, 'डू' लहान अक्षरांत आणि 'गेट'चा पहिला जी मोठा. कुणी तुमचा पत्ता उघडला की गूगल याच नावाचं फंक्शन शोधतं. त्यानं करायचं काम: शीटची शेवटची ओळ उचल, रकाने वाच, जेसन करून परत दे. सात-आठ ओळींत होतं. उत्तर असं दिसायला हवं:

{"तारीख": "12/12/2025", "फळ": "संत्रा", "किमान": 25000, "कमाल": 40000, "एकक": "टन"}

नावं देवनागरीत चालतात, जेसनला त्याची काही अडचण नाही. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत. २५००० असं देवनागरी अंकांत, अवतरणचिन्हाशिवाय लिहिलंत तर तो आकडा ठरत नाही आणि पूर्ण जेसन मोडतं. मराठी कीबोर्डवरून शीट भरणाऱ्यांनी हे जपावं.

तारखेचा घोळ याहून छुपा आहे, म्हणून सविस्तर सांगते. शीटमध्ये १२ डिसेंबर लिहिलं की स्क्रिप्टला ती 'भारतातल्या १२ डिसेंबरची मध्यरात्र' म्हणून मिळते. जेसन करताना हीच वेळ ग्रीनिचच्या घड्याळात बदलते. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे बाहेर पडताना ती होते ११ डिसेंबर, १८ वाजून ३० मिनिटं. शीटमध्ये तारीख बरोबर, अलेक्साच्या तोंडी एक दिवस मागची. भावाच्या बाबतीत एक दिवस म्हणजे सगळंच. उपाय सोपा: ॲप्स स्क्रिप्टमध्ये तारखेला हव्या त्या साच्यात लिहिणारं फंक्शन आहे, त्याला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन द्या. किंवा तारखेचा रकाना सरळ 'प्लेन टेक्स्ट' करून टाका. मी दुसरं केलं.

आता 'डिप्लॉय', मग 'न्यू डिप्लॉयमेंट', प्रकार 'वेब ॲप'. दोन प्रश्न येतात. कोणाच्या नावानं चालवायचं: 'मी'. कोणाला वापरता येईल: 'एनीवन'. पहिल्यांदा परवानगी मागताना हे ॲप गूगलनं तपासलेलं नाही असा इशारा येईल. कोड तुमचाच आहे, तेव्हा 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन पुढे व्हा. शेवटी एक लांबलचक पत्ता मिळतो. ज्याच्या शेवटी 'एक्झेक' आहे तो घ्या. 'डेव्ह'नं संपणारा पत्ता फक्त शीट संपादित करू शकणाऱ्यांना चालतो, अलेक्साला नाही.

हा पत्ता इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. वरच्यासारखं जेसन दिसलं तर उत्तम. गूगलचं लॉगिन पान दिसलं तर परवानगी 'एनीवन' झालेली नाही. ही तपासणी अजिबात चुकवू नका. तुम्ही स्वतः लॉगिन असता म्हणून तुम्हाला सगळं बरोबर दिसतं, आणि अलेक्साच्या कोडला मात्र जेसनऐवजी लॉगिन पान मिळत राहतं.

'एनीवन' म्हणजे खरोखर कोणीही. शीट खासगीच राहते, पण डूगेट जे परत देईल ते पत्ता हाती लागलेल्या कुणालाही वाचता येईल. म्हणून त्यात शेतकऱ्याचं नाव, फोन, कुणाचा माल किती गेला, असलं काही ठेवू नका.

आणि आता ती गोष्ट, जिच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. मी सुरुवातीला भाव क्विंटलमध्ये दिला होता, कारण सरकारी यादीत तो तसा असतो. पहिल्या दिवशी मामींनी विचारलं, अलेक्सानं अडीच ते चार हजार सांगितलं. मामांनी जेवण अर्धं टाकून मला फोन केला: "अवं, संत्रा चार हजारावर आला? काय झालं बाजाराले?" काटोल-कळमन्याच्या माणसाच्या डोक्यात भाव टनातच असतो, क्विंटल शब्द कानावर पडला तरी मनानं तो टनच ऐकला. त्यांचा तो घाबरलेला आवाज मी विसरलेली नाही. लगेच कोडमध्ये दहानं गुणलं, सेव्ह केलं, आणि अलेक्सा तरी चार हजारच सांगत राहिली. पुन्हा पुन्हा कोड तपासला, चूक दिसेना.

कारण असं: ॲप्स स्क्रिप्टमध्ये कोड सेव्ह केला तरी 'एक्झेक'चा पत्ता जुनीच आवृत्ती चालवत राहतो. 'डिप्लॉय'मधून 'मॅनेज डिप्लॉयमेंट्स'मध्ये जायचं, पेन्सिलीवर टिचकी मारायची, 'व्हर्जन'मध्ये 'न्यू व्हर्जन' निवडायचं आणि पुन्हा डिप्लॉय करायचं. पत्ता तोच राहतो, कोड नवा लागतो. शीटमधला भाव बदलला तर हे लागत नाही, तो त्या त्या वेळी ताजाच वाचला जातो. फक्त कोड बदलल्यावर लागतं.

आयफोनवाल्यांनी हवं तर इथेच थांबावं. 'शॉर्टकट्स' ॲपमध्ये पत्त्यावरून मजकूर आणायची, त्यातून हवी ती किंमत काढायची आणि ती बोलून दाखवायची कृती तयार मिळतात. तिन्ही एकाखाली एक लावून शॉर्टकटला नाव द्या. सिरीला ते नाव सांगितलं की काम होतं.

तिसरी पायरी: स्किलचा सांगाडा

अलेक्साच्या डेव्हलपर कन्सोलवर खातं उघडा. ज्या ॲमेझॉन खात्यावर घरचा स्पीकर किंवा फोनवरचं ॲप आहे त्याच खात्यानं आत जा, नाहीतर बनवलेलं स्किल घरात दिसणारच नाही. 'क्रिएट स्किल' म्हणा, भाषा हिंदी भारत, प्रकार 'कस्टम', होस्टिंग 'अलेक्सा-होस्टेड' आणि त्यात पायथॉन. अलेक्सा-होस्टेड म्हणजे तुमचा कोड ठेवायची जागा ॲमेझॉनच देतं, सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागत नाही. साचा 'स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच'. दोनेक मिनिटांत एक चालतं-बोलतं नमुना स्किल हातात येतं.

आधी हाक मारायचं नाव, म्हणजे इन्व्होकेशन नेम. दोन शब्द घ्या. अलेक्सा, स्किल, ॲप असले शब्द त्यात चालत नाहीत. मी 'संतरा मंडी' ठेवलं. 'कळमना' ठेवायचं मनात होतं, पण हिंदीत ळ नाही. तो शब्द जिथे लागला तिथे 'कलमना' लिहिला.

मग इंटेंट. मला एकच हवा होता, भाव विचारण्याचा. त्याला रोमन लिपीत नाव द्या आणि खाली नमुना वाक्यं लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. टेबलाशी बसून सुचलेली वाक्यं पुस्तकी होतात: 'संतरे का आज का मूल्य क्या है'. असं कोण विचारतं? मी एका सकाळी लिलावाच्या वेळी कळमन्यात तासभर उभी राहिले आणि लोक कसं विचारतात ते वहीत लिहून घेतलं. 'क्या भाव चल रा.' 'संतरा कितने में गया.' 'आज का क्या निकला.' 'माल कैसा जा रा टन.' मामींनाही न सांगता ऐकत राहिले. त्या म्हणतात, 'संतरे का बता.' एवढंच. ही सगळी वाक्यं तशीच्या तशी घातली. वीस-पंचवीस झाली की ओळखण्यात फरक पडतो.

ज्या जागी फळाचं नाव येतं तिथे महिरपी कंसात स्लॉट ठेवतात. स्लॉटला स्वतःचा प्रकार बनवा: संतरा, मोसंबी. प्रत्येकाखाली समानार्थी शब्द द्या: संत्रा, संत्री, संतरे, ऑरेंज. अलेक्सा कोडला दोन गोष्टी पाठवते, कानावर पडलेला शब्द आणि यादीशी जुळवून ठरवलेला शब्द. कोडमध्ये दुसरा वापरा. पहिला वापरलात तर 'संतरे' आणि 'संतरा' दोन वेगळी फळं ठरतील.

'सेव्ह' करून 'बिल्ड' करा.

चौथी पायरी: दोन्ही टोकं जोडणं

'कोड' टॅब उघडा. 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या फाईलमध्ये एक ओळ वाढवा: 'रिक्वेस्ट्स', अर्थात रोमन अक्षरांत. बाहेरच्या पत्त्याला विचारणा करणारी पायथॉनची ही लायब्ररी आहे.

मुख्य फाईलमध्ये 'हॅलो वर्ल्ड'चा एक वर्ग, म्हणजे कोडचा एक स्वतंत्र तुकडा (क्लास), दिसेल. त्याचीच नक्कल करून आपला बनवायचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिला विचारतो, हा निरोप माझ्यासाठी आहे का? तिथे तुमच्या इंटेंटचं नाव अक्षरन् अक्षर तेच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. दुसरा भाग प्रत्यक्ष काम करतो: पत्ता उघड, जेसन वाच, वाक्य कर, परत दे.

वर्ग लिहून झाला की फाईलच्या तळाशी त्याची नोंदणी करावी लागते. तिथे बाकीच्या वर्गांच्या ओळी दिसतील, तशीच एक आपली. हे बहुतेक जण विसरतात. नोंदणी नसेल तर 'तुम्ही अमुक इंटेंट चालवलात' अशा अर्थाचं उत्तर येतं. ते साच्यातल्या 'रिफ्लेक्टर'चं बोलणं असतं. आपली ओळ त्या रिफ्लेक्टरच्या वर हवी, कारण तो कोणताही इंटेंट झेलतो.

पत्ता उघडताना टाइमआउट द्याच. रिक्वेस्ट्स लायब्ररी आपणहून वेळेची मर्यादा घालत नाही, समोरून उत्तर येईपर्यंत बसून राहते. मी ४ सेकंद ठेवले. तेवढ्यात आलं नाही तर उरलेल्या वेळात निदान एक धड वाक्य बोलता येतं.

ते धड वाक्य काय असावं यावर माझं ठाम म्हणणं आहे. भाव मिळाला नाही तर 'अभी भाव नहीं मिला, थोड़ी देर में पूछिए' असं सरळ सांगा. जुना भाव आजचा म्हणून चुकूनही सांगू नका. पलीकडे एक माणूस त्या आकड्यावर वर्षभराची मेहनत विकणार असतो. म्हणून माझ्या वाक्यात तारीख आधी येते, भाव नंतर: 'बारह दिसंबर को कलमना में संतरा पच्चीस से चालीस हज़ार रुपये टन गया।' बाजार बंद असला, शीट भरायची राहिली, तरी ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा परवाचा आहे. शीटमधली शेवटची ओळ तीन दिवसांहून जुनी असेल तर माझा कोड भाव सांगतच नाही, जुना आहे एवढंच सांगतो.

आकडे गोल करा. चौतीस हजार आठशे सदतीस कानानं धरून ठेवता येत नाही, पस्तीस हजार येतं. उत्तर एका दमात संपलं पाहिजे. स्क्रीनवर माणूस पुन्हा वर जाऊन वाचतो, आवाजात ती सोय नसते.

भाव सांगितल्यावर संभाषण बंद करायचं असेल तर तसं कोडमध्ये स्पष्ट सांगा. तुम्ही प्रश्न विचारून थांबलात तरच ते उघडं ठेवा. तेव्हा अलेक्सा उत्तराची काही सेकंद वाट पाहते. उगाच उघडं ठेवलं तर घरातलं भलतंच बोलणं तिच्या कानी जातं.

'सेव्ह', मग 'डिप्लॉय'. वाक्यं बदलली तर 'बिल्ड', कोड बदलला तर 'डिप्लॉय', शीटची स्क्रिप्ट बदलली तर 'न्यू व्हर्जन'. हे तिन्ही वेगवेगळे आहेत. एका कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा, मी चिकटवलंय.

पाचवी पायरी: तपासणी

'टेस्ट' टॅबमध्ये वर 'ऑफ'चं 'डेव्हलपमेंट' करा. बोलून किंवा टाइप करून विचारा: 'संतरा मंडी खोलो', मग 'क्या भाव चल रा'. बाजूला कोडला गेलेला आणि कोडकडून आलेला, दोन्ही निरोप जसेच्या तसे दिसतात.

अडलं तर क्रमानं पाहा. गेलेल्या निरोपात इंटेंट बरोबर आहे का? नसेल तर नमुना वाक्यं कमी पडताहेत. इंटेंट बरोबर पण उत्तर गडबडीचं, तर 'कोड' टॅबमधल्या लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या चुकांच्या नोंदीत, जा. जेसन वाचता आलं नाही अशी चूक दिसली की नव्व्याण्णव वेळा लॉगिन पानाचंच प्रकरण असतं, तेव्हा पुन्हा इनकॉग्निटो खिडकी. आकडा येतो पण चुकीचा, तर शीट.

कन्सोलवर चाललेलं घरच्या स्पीकरवर चालत नसेल तर भाषा पाहा. स्किल हिंदीत आणि स्पीकर इंग्रजीत असेल तर त्याला तुमचं स्किल माहीतच नसतं.

आता सरकारी भाव

हे सगळं आठवडाभर नीट चाललं की मग हातानं भरणं बंद करायला हरकत नाही. भारत सरकारच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. नोंदणी केल्यावर एक 'की', म्हणजे तुमची ओळख पटवणारी किल्ली, मिळते, ती विचारणेसोबत पाठवायची. नमुना म्हणून दिलेली 'की' वापरू नका, तिच्यावर एका वेळी १० नोंदीच येतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, तारीख आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन भाव असतात. भाव क्विंटलचे आहेत, टनासाठी दहानं गुणा. जिल्हा आणि शेतमालाची नावं यादीत जशी लिहिलीत तशीच द्या, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला की रिकामी यादी परत येते.

ही विचारणा अलेक्साच्या कोडमधून करू नका. शीटच्या स्क्रिप्टमधून करा. ॲप्स स्क्रिप्टमध्ये ठरल्या वेळी फंक्शन चालवणारा ट्रिगर लावता येतो. तो दिवसातून दोन-तीनदा भाव आणून शीटमध्ये नवी ओळ लिहील. भाव काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, मग प्रत्येक प्रश्नाला सरकारी सर्व्हरचं दार कशाला ठोठवायचं? शिवाय तिकडे उशीर झाला तरी तुमची ८ सेकंदं सुरक्षित राहतात, कारण अलेक्सा विचारते शीटला. ज्या दिवशी बाजाराची नोंदच आली नाही त्या दिवशी स्क्रिप्टनं ओळ लिहू नये, शून्य तर मुळीच लिहू नये.

ही 'की' कोडमध्ये लिहून ठेवू नका. ॲप्स स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये 'स्क्रिप्ट प्रॉपर्टीज' आहेत, तिथे ठेवा. मदत मागताना आपण कोडचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, त्यात 'की' जाऊ नये.

पुढे कधी अलेक्सा-होस्टेड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर कोड ठेवायचा झालाच तर काम वाढतं. सर्व्हरला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागतं, निरोप खरोखर ॲमेझॉनकडूनच आलाय ना हे सही तपासून पाहावं लागतं, आणि १५० सेकंदांहून जुना निरोप नाकारावा लागतो. नवख्यानं इतक्यात त्यात पडू नये.

मामांच्या घरी पोचवणं

स्किल सगळ्या जगासाठी प्रकाशित करायची गरज नाही. 'डिस्ट्रिब्युशन' टॅबमधली माहिती भरली की बीटा चाचणी सुरू करता येते, तीत ५०० जणांपर्यंत ईमेलनं बोलावता येतं. मी फक्त मामींना बोलावलं. ज्या ईमेलवर त्यांचं अलेक्सा ॲप आहे त्याच ईमेलवर आमंत्रण पाठवलं, त्यांच्या फोनवर ते स्वीकारलं आणि ॲपच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदी केली. दहा मिनिटं लागली, त्यातली सहा पासवर्ड आठवण्यात गेली.

बीटा चाचणी ९० दिवस चालते. आंबिया बहाराच्या सुरुवातीला लावली तर मृग बहाराचा, म्हणजे पुढच्या हंगामाचा, माल निघेपर्यंत ती संपलेली असते, म्हणून नव्यानं सुरू करण्याची तारीख मी मामांच्या घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं मांडून आले.